गाढवाचा आवाज

लालबागच्या दातांच्या दवाखान्यात पोरांसाठी कार्टून लावलं होतं. एका गाजलेल्या हत्तीच्या सिनेमाचा हा दुसरा भाग, थेटरात न लागता थेट डीव्हीडीवर आलेला. त्यातल्या गाढवाला आवाज दिलेला गौतम परब सुजलेली दाढ धरून मागच्या बाकावर बसला होता. पुढच्या बाकावर एक आजी आणि तिची नात.

"आजी, ऐक ना, गाढव तुझ्यासारखं बोलतंय."

"ह्यां मालवणीत कित्याक बोलता? हत्ती तर शुद्ध बोलता."

"हत्ती हुशार आहे. गाढव बावळट आहे ना, म्हणून."

"बोलता मात्र अस्सल. आमच्याच गावचो कोणतरी असतलो."

"वर्गात सगळे त्याची नक्कल करतात. आजी, एक सांगू? रागवू नकोस."

"सांग गो."

"मला न्यायला येतेस ना, तेव्हा शाळेच्या गेटवर बोलू नकोस. नुसता हात कर."

"बरां. हात करतलंय."

पडद्यावर गाढव चिखलात आपटलं आणि "मेलंय गे आये" म्हणून कण्हलं. गिरणीतून आल्यावर पाठ टेकताना गौतमचे वडील अगदी असंच कण्हायचे. नात खिदळली. जरा उशिरा आजीही हसली, मग मागे वळली.

"तुझो नंबर कितवो रे, बाबा?"

गौतमने तोंड उघडलं, मिटलं आणि चार बोटं वर केली.

"बोलूक पण जमणा नाय बिचाऱ्याक," आजी नातीला हळूच म्हणाली.