कासवाच्या अंड्यांना कोंबडीची अक्कल

मी मुळशीतली, धरणाच्या काठची, आन दिलेलीबी त्याच काठाला, चार डोंगर पलीकडं. माझ्या कोंबड्यांचं नाव पार पौडच्या बाजारापर्यंत. काय सांगू तुमाला, माझी खुडूक कोंबडी दगडावर बसवली तरी दगडातनं पिल्लू चिवचिवायचं. पन माझी धाकटी बहीण सुमन, जिला मी कडेवर वागवली, ती ताम्हिणी घाटाखाली समुद्रकाठी दिली आन तितं मोठी झाली. माझ्याहून मोठी. हितंच दुखतंय.

झालं काय, त्या गावातले लोक आदी वाळू गाड्या भरून न्यायचे आन कासवाची अंडी उकरून खायचे. मग कुणी शिकलेली पोरं आली, घरोघरी बसून बोलली, आन गावानंच ठरवलं, वाळू उचलायची न्हाई, अंडी राखायची. किनाऱ्यावर जाळीचं कुंपण घातलं, कासवीनं घातलेली अंडी आणून त्यात पुरायची, आन राखण कुणाकडं, तर सुमनकडं. पेपरात फोटो आला तिचा. जिचा शेंबूड मी पुसला तिचा फोटो! मला दोन दिवस घास गिळंना.

शिमग्याला गेले तिच्याकडं. तिची सासू आजारी, तिला घेऊन ती तालुक्याच्या दवाखान्यात निघाली, मला म्हणाली, अक्का, दिवसभर कुंपणाशी बस, कुत्री हाकल, बाकी कशाला हात लावू नको. हात लावू नको! मला! अगं, कोंबडी रोज चोचीनं अंडी फिरवती तवा कुटं पिल्लू धरतं, ही अडाणी माणसं नुसती पुरून ठेवत्यात. मी एक घरटं उकरलं, लिंबाएवढी शंभरेक अंडी, एकूण एक उलटीपालटी केली आन परत पुरली. म्हणलं, माझं घरटं आदी फुटंल, मग बघू फोटो कुणाचा येतो.

दीड महिन्यानं, आखितीला, मुद्दाम परत गेले. बाकीच्या घरट्यांतनं पिल्लं भसाभसा निघाली. माझ्यातनं एक न्हाई. उकरलं तर सगळी सडलेली. सरपंच म्हणाला, कासवाचं अंडं फिरलं की आतला जीव मरतो, हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, आणताना हिच्याच हातनं फिरली असणार, राखण दुसऱ्या कुणाला द्या. सुमननं मान खाली घातली. खोटं कशाला बोलू, मला आदी लई बरं वाटलं. मग तिनं पदर डोळ्याला लावला, आन मी उठले, म्हणलं, मी फिरवली.

सगळा गाव हसला. कारण आदल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं होतं की आमच्या धरणातला खेकडा यष्टीचं चाक धरून गाडी मागं ओढतो. सरपंच म्हणाला, बघा रे, बहिणीसाठी आळ अंगावर घेते, अशी माया कुठं मिळायची नाही, राहू दे राखण सुमनकडंच. जन्मात एकदा खरं बोलले, तर तेबी तिच्याच पदरात पडलं!

घरी भाकरी थापता थापता तिनं विचारलं, अक्का, खरंच फिरवलीस? व्हय. का गं? म्हणलं, कोंबडी फिरवती म्हणून. म्हणाली, खोटं. मग म्हणलं, तुझा फोटो आला म्हणून. तव्यावरची भाकरी करपली तरी ती माझ्याकडंच बघत होती. म्हणाली, एवढी पिल्लं, अक्का. बास. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तवापासनं दर वर्षी जाते. कुंपणाजवळ उभी करत न्हाई मला. गाड्यांनी वाळू खणून खड्डे पाडले होते, तितं वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल लावायला धाडते. मी लावलेली वेल आता पार गोव्याला टेकली असंल. पुण्याची माणसं येत्यात, विचारत्यात, कुणी लावली, तर सुमन म्हणती, गावानं. गावानं! माझं नाव घेतलं असतं तर तिची जीभ झडली असती का? जळते अजून, लपवत न्हाई. पन देवा, सुमनला उदंड आयुष्य दे. ती गेली तर मी जळू कुणावर?