एक नंबर वादळ

सर्वेवाली : ...तर काका, आत्ता वादळाचा नंबर नुसत्या वाऱ्याच्या वेगावरून ठरतो. एक म्हणजे साधं, पाच म्हणजे भयंकर. यापुढे पाऊस आणि पुराचं पाणीही त्यात धरावं, असा हवामान खात्याचा विचार आहे. तुम्हाला पटतं का?

काका : अजिबात नाही. वाऱ्याची परीक्षा वाऱ्यापुरती. पाण्याचे ग्रेस मार्क देऊन एक नंबरवाल्याला वरच्या वर्गात कशाला ढकलायचं?

काकू : बॅग भरायची सोडून कुणाशी बोलताय?

काका : सर्वेवाली आहे. जनतेचं मत घेतायत. स्पीकरवर टाकलंय, तूही ऐक.

काकू : अहो बाई, संध्याकाळी वादळ येतंय आणि मत आज विचारताय?

सर्वेवाली : आमची तारीख आधीच ठरली होती, काकू. वादळाला कळवायचं राहिलं.

काका : कसलं वादळ, एक नंबर तर आहे.

काकू : मागचंही एकच होतं. फ्रिज तरंगत शेजाऱ्यांच्या अंगणात गेला. मी ओट्यावर चढून बसलेली, आणि हे कमरेएवढ्या पाण्यात रेडिओ डोक्यावर धरून मला समजावतायत, 'घाबरू नकोस, एकच आहे.'

काका : वारा खरंच नव्हता. दोरीवरचा टॉवेलसुद्धा हलला नाही.

काकू : दोरी पाण्याखाली होती.

सर्वेवाली : काका, 'काही अंशी सहमत' लिहू का?

काका : 'पूर्ण असहमत' लिहा. त्याच्या आधी चार नंबर आलं होतं. हिचं ऐकून टेकडीवर मेहुण्याकडे पळालो, तर तिथे कडकडीत ऊन. मेहुणा रोज सकाळी खिडकी उघडून विचारायचा, 'भावोजी, छत्री देऊ?' अजून विचारतो. लग्नात विचारतो, दवाखान्यात विचारतो.

काकू : म्हणजे भीती वादळाची नाहीच. माझ्या भावाची आहे.

काका : चार नंबर होऊ दे, मी स्वतः रिक्षा बोलावतो.

काकू : बाई, नव्या पद्धतीनं आजच्याला किती नंबर मिळेल?

सर्वेवाली : ते सांगायची परवानगी नाही, काकू. आम्ही फक्त विचारायचं.

काकू : ओढ्याला लागून घर आहे आमचं.

सर्वेवाली : ...शेवटचा प्रश्न. काका, नंबर एकच आहे पण घराजवळ पाणी वाढतंय, अशा वेळी तुम्ही घर सोडाल का?

काकू : बायको चपला घालून दारात उभी आहे, हेही लिहून घ्या.

काका : हो म्हणावं तर तिकडे छत्री. नाही म्हणावं तर इकडे ही.

सर्वेवाली : 'सांगता येत नाही' हेही उत्तर चालतं, काका.

काका : चालतं?

सर्वेवाली : बरेच जण तेच देतात. देतात आणि निघतात.

काकू : लग्न झाल्यापासून यांच्या तोंडून ते वाक्य मी ऐकलेलं नाही.

काका : लिहा मग. सांगता येत नाही.

सर्वेवाली : लिहिलं. ठेवते, काका.

(फोन बंद होतो.)

काका : मागच्या दाराला कडी लावलीस का?