उद्याचं झाड

मावशी : पाटी उलटी का धरलीस गं? रंग ओला आहे का अजून?

ताई : वाळलाय. मावशी, आधी बसा. चहा मागवू?

मावशी : चहाबिहा राहू दे. उद्या नात येतेय. अख्ख्या वर्गाला सांगून बसलीय, बागेतल्या झाडाला माझ्या आजोबांचं नाव आहे म्हणून. पाटीशेजारी उभं करून फोटो काढायचाय तिचा.

ताई : तिला ही अक्षरं वाचता येतात?

मावशी : फडाफडा! माझ्यासारखी अंगठेबहाद्दर नाही ती.

ताई : मग आजच सांगायला हवं. पाटीवर काकांचं नाव नाहीये.

मावशी : रंगाऱ्यानं घोळ घातला असेल. पुसून नीट लिहायला सांग.

ताई : त्याची चूक नाही. झाडाला काकांचं नाव कधी दिलंच नव्हतं.

मावशी : काहीतरीच! हे झाडावरून पडून गेले, त्याच आठवड्यात तुझे बाबा दारात आले होते. म्हणाले, जंगलात नवीन झाड सापडलं, त्याच्या फुलापायी माणूस गेला, आता झाडाला त्याचंच नाव. त्याचं रोप बागेत लावतो. एवढे मोठे सर, खोटं कशाला बोलतील?

ताई : तेव्हा मनापासून बोलले असतील. छापायला मात्र दुसरंच नाव पाठवलं.

मावशी : कुणाचं?... अगं बोल ना.

ताई : माझं. पाच वर्षांची होते मी. तुम्हाला काय कबूल केलं होतं, ते मला गेल्या आठवड्यात कळलं, तुम्ही पाटीचं विचारायला आलात तेव्हा. तोवर मी मिरवत होते, मावशी.

मावशी : मग बदल. आता तूच साहेब आहेस ना इथली?

ताई : नाही बदलता येत. शास्त्रातलं नाव एकदा छापलं की कायमचं. नंतर कितीही पस्तावलं तरी तेच.

मावशी : तीस वर्षं येता-जाता त्या खोडाला हात लावला मी. पोरीचं लग्न ठरलं तेही आधी त्यालाच सांगितलं. आणि ते तुझं नाव घेऊन उभं होतं होय!

ताई : पाटीवर खालची ओळ रिकामी आहे. लोक झाडाला जे म्हणतात ते तिथे लिहितात. काकांचं नाव घालते. फोटोत येईल.

मावशी : उरलेल्या जागेत? नको. लिहायचंच तर त्यांनी ठेवलेलं नाव लिही. उद्याचं झाड.

ताई : उद्याचं?

मावशी : सर रोज म्हणायचे, चढ, शेंड्याला फूल आहे. हे म्हणायचे, उद्या. त्याची फांदी काडीसारखी मोडते, हे ह्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. आठ दिवस टाळलं. घरी आले की मी विचारायची, आज कुठलं झाड? हसून म्हणायचे, तेच, उद्याचं.

ताई : बाबा म्हणाले होते, खोड ओलं होतं, पाय घसरला.

मावशी : फुलं गळायला लागली होती. सर म्हणाले, उद्या नाही, आजच.

ताई : (पाटी सुलटी करत) लिहिते. हेच लिहिते. पण नातीनं अर्थ विचारला तर काय सांगाल?

मावशी : मी कशाला सांगू? तू सांग. वर नाव तुझं आहे.