शेठ कुठे बसले

आमच्या नामदेवकाकांनी कल्याणला मशीन कशी निवडली, ते तुम्हाला सांगायचंच राहिलं. टिटवाळ्याला माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे, काका तिथले जुने मिस्त्री. आम्ही दोघं पॉकेट होल मशीन बघायला गेलेलो. फळीला मागून तिरकं भोक पाडते ती, म्हणजे स्क्रू समोरून दिसत नाही.

दुकानदाराने दोन दाखवल्या. महागवालीचं कौतुक काही संपेना. "साहेब, डोळे मिटून हीच घ्या."

काका म्हणाले, "शेठ, काहीतरी खरं जोडून बघू द्या."

दाराशी त्याचंच बाकडं पाय निखळून पडलेलं. काकांनी डावे पाय महागवालीने भोकं पाडून जोडले, उजवे स्वस्तवालीने. मग हात झटकत म्हणाले, "बसा आता."

शेठ चांगला शंभर किलोचा. त्याने बाकड्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि हळूच उजव्या टोकाला टेकला.

मी म्हटलं, "मधे बसा की."

"नको, इथे बरं आहे."

काका माझ्याकडे वळले. "शेठ बसलेत त्या बाजूची मशीन बांधून घे."