मागावर जा

मंडळी, आज मी एक प्रश्न घेऊन उभा आहे. आणि खरं सांगतो, तो तुमच्यासाठी नाही आणला, माझाच आहे.

स्फूर्ती येते कुठून?

बघा, लगेच चार बोटं वर गेली! वरून येते म्हणता? मग पाऊसही वरूनच येतो, पण आपण शेत नांगरून ठेवतो की नाही? आज दुपारपासून मी याच देवळाच्या पारावर येरझारा घालतोय. आख्यान कोणतं लावावं, सुचेना. तीन वेळा चहा झाला. आपले पेटीवाले गुणवंतराव म्हणाले, "बुवा, चहा प्याल्यानं सुचलं असतं तर हॉटेलवाल्यानं पोथी लिहिली असती." हसू नका. तुमचंही तेच आहे. कुणी म्हणतो मूड नाही, कुणी म्हणतो योग यावा लागतो. योग कधी येणार? पत्रिका बघतो म्हणतात!

तर ऐका. ही गोष्ट एका कोष्ट्याची आहे.

वैनगंगेच्या काठी पिंपळटोली नावाचं गाव. त्या गावात डोमाजी निनावे नावाचा विणकर. त्याच्या घरी करवती काठाची लुगडी विणायचे. करवती म्हणजे काय? करवतीला दात असतात ना, तसे काठाला दात. काठाचा रंग अंगाच्या रंगात घुसतो, अंगाचा काठात, आणि दोन्ही एकमेकांत अडकतात. यासाठी आडवं सूत नेणारे धोटे लागतात तीन. एक मधल्या अंगाचा, दोन दोन्ही काठांचे. एकट्याचे हात पुरत नाहीत. मागाच्या पलीकडच्या बाजूला दुसरं माणूस बसावंच लागतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

गावात मातामायचं ठाणं. दर चैत्रात तिला नवं लुगडं चढायचं, ते याच घरचं. आणि रीत अशी, की काठ दरसाल नवा पाहिजे. डोमाजीच्या बापानं तीस वर्षं तीस काठ काढले. बाप गेला. पहिला चैत्र आला. डोमाजीनं लुगडं विणलं, देवीला चढवलं, लोक वा वा म्हणाले. तेवढ्यात एक म्हातारी पुढे आली, काठ बोटांनी चाचपला आणि म्हणाली, "झ्याक हाये, डोमा. पण हा तुह्या बापाचा होय."

झालं! माणसाला शिवी पचते, मंडळी. खरं बोललेलं पचत नाही.

दुसऱ्या चैत्राला दोन महिने उरले. डोमाजी मागावर बसेचना. आधी सुचू दे, मग बसतो. बायको बायजा सुताच्या कांड्या भरून ठेवायची, त्या तशाच पडून. म्हातारी माय विचारायची, अरे, ठोक ऐकू येत नाही, माग बिघडला का? याला वाटायचं, माझ्यानंच घराण्याचं नाव बुडणार, देवी माझ्याच वेळेला उघडी राहणार. जेवण जाईना. शेवटी नदीच्या घाटावर एक बाबा राहायचे, त्यांच्या पायांवर जाऊन पडला.

"बाबा, मले काईच सुचत नाई. बापाले दरसाल सुचे. मी कोठं जाऊ?"

बाबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि दोन शब्द बोलले.

"मागावर जा."

संपलं. पुन्हा डोळे मिटले.

या पुढच्या रांगेतल्या आजी हसताहेत. आजी, कळलं ना? मग कुणाला सांगू नका. कारण डोमाजीला नाही कळलं! त्याला वाटलं, स्फूर्तीच्या मागावर जा. वाघाच्या मागावर शिकारी जातो, तसा माग काढत जा. घरी आला, घोंगडी खांद्यावर टाकली, बायजाला म्हणाला, बाबांची आज्ञा आहे. आणि निघाला. आपल्याला असंच असतं. जवळचं सांगितलं तर गुरू लहान वाटतो. लांबचं सांगितलं की, वा, काय अधिकार आहे!

तीन वर्षं फिरला. एका डोंगरावर पाथरवट मूर्ती घडवत होता. याने विचारलं, तुला सुचतं कुठून? पाथरवट म्हणाला, कपच्या उडतात, डोळे सांभाळ, बाजूला बस. डोमाजीला वाटलं, हा घमेंडखोर आहे. पुढे एक शास्त्री भेटले. त्यांनी सांगितलं, चाळीस दिवस मौन धर, एक वेळ जेव, आपोआप सुचेल. धरलं. सुचलं का? सुचलं! एकेचाळिसाव्या दिवशी काय खायचं, ते सगळं सुचलं!

हसा. पण त्याच्याकडे एकदा बघा. दाढी वाढली, पाय फुटले, आणि विणकराची बोटं तीन वर्षं सुताला लागली नाहीत. चैत्रात लुगडं चढायचा दिवस आला की त्याला गाव दिसायचं. देवीच्या अंगावर जुनंच लुगडं असेल, आपल्या नावानं गाव बोटं मोडत असेल, हेच मनात. वाईट वाटतं हो. माणूस आळशी नव्हता. त्याला खरंच हवं होतं.

एका गावी लग्नाची पंगत बसली होती. वाटसरू म्हणून यालाही पान मिळालं. एक बाई वरण वाढत आली, वाकली, आणि तिच्या पदराचा काठ याच्या डोळ्यांसमोर आला. याचा घास हातातच राहिला. करवती काठ! पण दात सारखे नव्हते. एक मोठा, एक लहान, एक मोठा, एक लहान. नदीचं पाणी काठाला लागावं तसा तो काठ हलत होता. असा काठ बापानंही काढला नव्हता.

"बाई, हे लुगडं कोठलं?"

"पिंपळटोलीचं. तेथं बायजा कोष्टीण विणते. तिचा मालक कोठं निघून गेला म्हणतात."

हा पानावरून उठला. चार दिवस चालत घर गाठलं. दारातून ठोक ऐकू येत होता. बायजा मागावर, आणि पलीकडे बसली होती त्याची आंधळी होत चाललेली माय! सुनेच्या हाकेवर धोटा सरकवत होती. बायजानं मान वर केली, बघितलं, आणि हात थांबवला नाही.

डोमाजीनं विचारलं, "हा काठ... तुले सुचला कसा?"

"सुचला नाई जी. चुकला."

मंडळी, हे पुन्हा ऐका. सुचला नाही, चुकला!

ती म्हणाली, "आत्याबाईले दिसे नाई. दोन सूत कमीजास्त होत. दोनदा मी उकललं, रडली. तिसऱ्यांदा पायलं, त बरं दिसत होतं. मंग तीच चूक म्या दुसऱ्या काठाले मुद्दाम केली. मातामायले तेच चढवलं."

ज्या म्हातारीनं डोमाजीचा काठ चाचपला होता, तिनंच हाही चाचपला होता. म्हणे, हा कोणाचाच नाई, हा नवा होय.

डोमाजी तसाच घाटावर गेला. रागावला होता बरं का! म्हणाला, बाबा, तीन वर्षं फिरवलंत मला. तुम्हीच म्हणालात, मागावर जा.

बाबा म्हणाले, "म्हणलं. पण डोमा, तू कोष्टी. कोष्ट्याले माग म्हणलं त घरचा माग नाई आठवला?"

तो तिथंच खाली बसला. शिकाऱ्यानं 'माग' ऐकून पावलं शोधली असती, तर चाललं असतं. पण जन्मभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या माणसानं आपल्याच घरातला शब्द परका करून ऐकला!

संध्याकाळच्या आत घरी परतला. उजेड कमी झाला तसं मायला अगदीच दिसेना, म्हणून ती मागावरून उठली होती. ती खाटेवरून म्हणाली, "कोन, डोमा? पाय धुऊन बस. ताण्याचं सूत तुटलं नाई पायजे."

बायजा फक्त म्हणाली, "पलीकडची जागा रिकामी हाये."

आणि घरचा धनी, तीस काठ काढणाऱ्याचा मुलगा, आपल्याच घरात पलीकडच्या जागेवर बसला. बायकोच्या हाकेवर धोटा सरकवू लागला. तीन वर्षांत आखडलेली बोटं. पहिल्याच वितीत चुकलं. त्यानं उकलायला हात घातला, तर बायजा म्हणाली, थांबा, पाहू द्या आधी.

तो काठ पुढच्या चैत्राला मातामायच्या अंगावर होता.

आता तुमच्याकडे वळतो. झोपलेल्यांना शेजाऱ्यांनी उठवा. तुमचा माग कोणता? तुमचा तुम्हाला माहीत आहे. कुणाची चूल, कुणाची वही, कुणाचा वाफा. कुणाचं अबोला धरलेलं माणूस. त्याच्यापलीकडे जागा रिकामी आहे, आणि आपण लोकांच्या पंगतीत बसून विचारतोय, तुम्हाला सुचतं कसं?

माझंच सांगतो. आज दुपारी पारावर मला काही सुचलं नाही. गुणवंतराव शेवटी वैतागून म्हणाले, बुवा, उभे तर राहा. मी उभा राहिलो. पुढचं तुम्ही ऐकलंत. कुठं चुकलं असेल, तर उकलू नका, आधी पाहून घ्या.

टाळ उचला रे. आरती होऊ द्या. आणि घरी गेल्यावर पाय धुऊन बसा.