ढग्याची साखळी

साखळी आवळायची. समोरून दुसरं कुत्रं दिसलं की हाताला दोन वेढे द्यायचे आणि आवळायची... का, ते विचारायचं नाही. आमच्या आसारामतात्यांचा नियम. तात्या माझे थोरले चुलते, त्यांच्यापुढं आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, खोकतसुद्धा नाहीत. आता तुम्हाला सांगते, मी नगरच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, विचारायचं नाही तर करायचं काय? पण घरी आले की, "लई शिकलीस, आता गप बस."

तर आमचा ढग्या. मिरजगावच्या धनगराकडून आणलेलं पिल्लू, बघता बघता वासराएवढं झालं. बहात्तरचं साल, आभाळात ढग नाही, होता तो एकच, आमच्या अंगणात लोळणारा. आणि गरीब इतका की कोंबडी त्याच्या पाठीवर बसून डुलक्या घेते.

मी सुट्टीभर ओट्यावर बसून बघितलंय त्याला. दुसरं कुत्रं आलं की हा सरळ अंगावर जातच नाही. वळसा घालून, तिरका तिरका जातो, तोंड भलतीकडे, उगीच माती हुंगतो, शेपूट खाली, सैल... म्हणजे काय? म्हणजे 'राम राम पाव्हणं, आपलं काही भांडण न्हाई.' एवढा थोराड देह, त्याला हे आधी सांगावंच लागतं हो, नाहीतर समोरचं घाबरणारच की. आणि नेमके तेव्हाच तात्या काय करतात? आवळतात. मग मान वर, छाती पुढं, पुढचे पाय अधांतरी, डोळे वटारलेले. समोरच्याला काय दिसणार, राम राम? त्याला दिसतं, 'ये, बघतोच तुला.' पण का, ते विचारायचं नाही.

गेल्या आठवड्यात तेच. शेजारच्या वस्तीवरचे सूर्यभानकाका आले, मागं त्यांचा लाल्या. मी म्हटलं, "तात्या, सैल सोडा."

"तुला काय कळतंय? शेपूट हालवतोय की लाल्या. खूश हाय त्यो."

हलत होतं, खरंय. पण कसं? काठीसारखं उभं, नुसतं टोक थरथरतंय, तोंड गच्च मिटलेलं, नजर रोखलेली. ह्याला खुशी म्हणायची? मग सोसायटीच्या निवडणुकीत पडले तेव्हा तात्यांच्या मिशा थरथरत होत्या, त्यापण खुशीनंच का? तात्यांनी दोन वेढे दिले, ढग्या मागच्या पायांवर उभा राहिला, लाल्यानं झेप घेतली... लाल्याचा कान फाटला, तात्या उताणे, धोतर निवडुंगात.

लगेच ओट्यावर बैठक. न्याय करणार कोण, तर पडलेले तात्या आणि फाटक्या कानाचे मालक.

"लई माजलंय," सूर्यभानकाका म्हणाले.

"उद्या ट्रक शेवगावच्या बाजाराला चाललाय. द्या धाडून, कुनीबी घेईल," तात्या म्हणाले. अण्णांची मान आपली हलतेय, व्हय, व्हय.

मी चहा घेऊन आले होते. कपबशा खाली ठेवल्या, खुंट्याशी गेले आणि ढग्याची साखळी काढली.

"अगं ए, खाईल लाल्याला," म्हणत सूर्यभानकाका बाजेवर चढले. एवढा मोठा माणूस, बाजेवर.

ढग्यानं अंग झाडलं. लांबून वळसा घेतला, माती हुंगली, तोंड फिरवून उभा राहिला. लाल्या आधी ताठ... मग त्याचंही शेपूट उतरलं, त्यानंही अंग झाडलं. दोघांनी एकमेकांचं मागचं हुंगलं, आणि दोघं मिळून सूर्यभानकाकांच्या सायकलच्या चाकावर एकेक पाय वर करून आले. एवढंच.

"ढग्या कुठंही जाणार नाही," मी म्हटलं. "ट्रकवाल्याला सांगा. आणि ह्यापुढं साखळीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. का, ते खुशाल विचारा, मी सांगते."

कोणी विचारलं नाही. अण्णांची हलणारी मान तेवढी थांबली.

आठ दिवस झाले, तात्या माझ्याशी बोलत नाहीत. ढग्या अंगणात मजेत लोळतोय, आणि मी... तात्यांना चहा हवाय की नकोय, ते त्यांच्या मानेवरून ओळखत बसलेय.