टिकलीने चंद्र कोंडला

आई : आतून कडी लावली म्हणजे काय? एवढ्याशा पोरांच्या हाताला कडी पोचतेच कशी?

बाई : एरवी नाही हो पोचत. छताला तारे चिकटवायला मी स्टूल आत ठेवलं होतं, त्यावर चढली असणार. टिकलीच्या आई, तुम्ही आधी जरा शांत व्हा.

आई : शांत? कंपनीची बस आत्ता येईल. ती काय माझ्यासाठी दारात थांबून राहणार आहे? टिकले! दार उघड. ऐकू येतंय ना?

टिकली : येतंय.

आई : मग उघड.

टिकली : नाही.

बाई : मी बघू का? टिकलीराणी, आपल्या बालवाडीतलं आकाश किती छान झालंय ना गं? सगळ्यांच्या आईबाबांनी बघितलं, वाहवा केली. आता सगळे घरी गेले. चांदोबालासुद्धा झोप आली असेल. त्याला बाहेर आण बरं.

टिकली : तो चांदोबा नाहीये. चेंडू आहे. तुम्हीच पांढरा रंग दिलाय.

आई : म्हणजे तो चेंडू पण हिच्याकडे आहे?

बाई : हो. आणि माझी बॅटरी. बॅटरीचा उजेड चेंडूवर पाडून मी मुलांना चंद्र दाखवते. सेल संपत आलेत, मघाशीच मिणमिणत होती. आत सगळा काळा कागद लावलाय हो, बॅटरी विझली तर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाही.

आई : छान! अंधाराला घाबरणारी पोर, आणि तिला अंधाराचीच खोली करून दिलीत.

बाई : घाबरते? आज दिवसभर तीच सगळ्यांना आत घेऊन जात होती.

आई : आता मला कळलं ही का कोंडून बसलीय. चांदोबा आत ठेवला की मला जाता येणार नाही, असं वाटतंय तिला.

बाई : म्हणजे?

आई : आमच्या घरातली गोष्ट आहे ती. सोडा.

बाई : नाही, सांगा. सकाळीही ती काहीतरी असंच म्हणत होती.

आई : रात्री कामाला निघताना ही पायाला मिठी मारायची. पाय निघायचा नाही माझा. मग एकदा म्हटलं, तो बघ चांदोमामा. मामा म्हणजे माझा भाऊ की नाही? भाऊ बोलावतोय, जायला नको? तेव्हापासून सोडायला लागली. मामा वर आला की स्वतःच माझी पिशवी आणून द्यायची.

बाई : आणि ज्या दिवशी चंद्र उशिरा उगवतो?

आई : समोरच्या इमारतीमागे लपलाय म्हणायचं. वेळ मारून न्यायची, दुसरं काय?

बाई : अरे देवा.

आई : काय झालं?

बाई : आज सकाळी मी मुलांना अंगणात नेलं होतं. दिवसाही चंद्र दिसतो, ते दाखवायला. ही एकदम ओरडली, मामा अजून इथे आहे आणि आई तर घरी आली! मला काही कळेना. मी म्हटलं, अगं, चंद्र म्हणजे मोठा दगड. तो कुणाला बोलावत नाही आणि कुणाला घरी पाठवत नाही.

आई : दगड म्हणालात.

बाई : दगडच आहे तो.

आई : असू दे हो! चार वर्षांच्या पोरीला आजच सांगायला पाहिजे होतं? मी इतके महिने कसंबसं जमवून आणलेलं, तुम्ही एका फटक्यात मोडून ठेवलंत.

बाई : मला काय माहीत घरी तुम्ही काय सांगितलंय! सांगितलं असतंत तर मी मामालाही जागा ठेवली असती कुठेतरी.

टिकली : बाई हसल्या पण.

आई : काय म्हणालीस?

टिकली : बाई हसल्या. मग सगळे हसले.

बाई : टिकली, मी तुला नव्हते गं हसले.

टिकली : मलाच हसलात.

बाई : ...हो. हसले. चुकलंच माझं.

आई : झालं, बाईंनी चूक कबूल केली. आता ये बाहेर. बस चुकली तर सुपरवायझर मला दिवसपाळीवर टाकणार आहे. मागच्याच आठवड्यात दम दिलाय त्याने.

टिकली : दिवसपाळी म्हणजे रात्री घरी?

आई : हो, पण—

टिकली : मग चुकू दे.

आई : अगं, मग दुपारी तुझ्याजवळ कोण? शेजारच्या काकू दिवसा कामाला जातात. त्या रात्रीच येऊ शकतात सोबतीला. म्हणून तर मी रात्रपाळी मागून घेतली. सहजासहजी मिळाली नाही, हातापाया पडले सगळ्यांच्या. कशासाठी? दिवसा तुझ्याजवळ असावं म्हणून.

टिकली : दिवसा तू झोपतेस.

आई : झोपते, पण घरातच असते ना? काही झालं तर उठेन की.

टिकली : नाही उठलीस.

आई : कधी?

टिकली : दूध सांडलं तेव्हा. मी खूप हाका मारल्या. मग माझ्या फ्रॉकने पुसलं.

बाई : टिकलीच्या आई, बसा. या खुर्चीवर बसा. लहान आहे, पण बसा.

आई : मला ऐकूच आलं नसेल हो. डोकं टेकलं की मेल्यासारखी झोप लागते मला. फ्रॉक ओला दिसला तर मी तिलाच रागावले. कुठे लोळून आलीस म्हणाले.

बाई : पाणी देऊ?

आई : नको. टिकले, कुठे बसलीयस तू आत?

टिकली : दाराजवळ.

आई : मीही दाराजवळच आले बघ. खाली बसलेय. आता ऐक. चांदोमामा मला बोलावत नाही. कधीच नव्हता बोलावत. मी थाप मारली.

टिकली : मग कोण बोलावतं?

आई : कुणीच नाही. मीच जाते. बेकरीत मोठी भट्टी आहे, रात्रभर पाव भाजतात. मी ते पिशव्यांत भरते. सकाळी सगळ्यांना ताजा पाव लागतो ना, म्हणून ते काम रात्रीच असतं.

टिकली : पावासाठी जातेस?

आई : पावासाठी. आणि आपल्या दोघींच्या घरासाठी.

टिकली : तुला आवडतं तिथे?

आई : नाही. उभं राहून पाय भरून येतात. आणि निघताना तुझा विचार येतो. मला खूप वाईट वाटतं टिकले, रोज वाटतं. तू रडायला लागलीस तर मीही रडेन, मग जाणारच कोण? म्हणून मामाचं नाव पुढे केलं.

टिकली : आज तो आलाच नाहीये. आत यायच्या आधी मी खिडकीतून बघितलं. तरी तू पिशवी घेतलीस.

आई : घेतली. यापुढे मामाचं नाव नाही घेणार. जायचं असलं की म्हणेन, मला जायचंय.

टिकली : आणि मी हाक मारली तर?

आई : हाक नको मारूस. सरळ येऊन हलव. नाक ओढ. चिडले तरी ओढ.

टिकली : उद्या सकाळी चांदोबा दिसेल, बाई?

बाई : दिसेल. आजच्यापेक्षा थोडा बारीक.

टिकली : आईला दाखवायला उठवू?

आई : उठव गं बाई, उठव. आता दार उघड, तुला बघितल्याशिवाय मी कशी जाऊ?

टिकली : स्टूल हलतंय.

बाई : हळू! भिंतीला धर. दुसऱ्या हाताने कडी वर कर. अशीच. शाब्बास!

(कडी निघते. बाहेर रस्त्यावर बसचा हॉर्न वाजतो.)

आई : ये इकडे. केवढी घामेजलीयस! केसांत तारे चिकटलेत बघ. बाई, हिला काकूंकडे—

बाई : मी सोडते. तुम्ही पळा.

आई : मघाशी तुम्हाला नको ते बोलले.

बाई : उद्या बोलू. पळा आधी, परत वाजवतोय तो.

आई : टिकले, जायचंय मला.

टिकली : पिशवी राहिली तुझी. ही घे.

आई : आण. काकूंना त्रास देऊ नकोस.

बाई : चल, आपण फाटकात उभ्या राहू. चेंडू दे माझ्याकडे. दिसली का आई? ती बघ, रस्ता ओलांडतेय.

टिकली : बाई, चांदोबाने तिला खरंच नाही बोलावलं?

बाई : नाही.

टिकली : मग तो तिच्याबरोबर पण नसतो?

बाई : ...नाही गं.

टिकली : म्हणजे आई रोज एकटीच जाते.

बाई : हो. एकटीच जाते.

टिकली : मला उचला ना. वर. अजून वर.

बाई : हात का लांब केलास? अगं, बॅटरी चालूच आहे की तुझ्या हातात. बंद कर, राणी, सेल संपत आलेत. एवढा उजेड बसपर्यंत पोचायचा नाही.

टिकली : पोचेल. बस वळेपर्यंत धरते.